निळ्या पेनाच्या खुणा

बोडिलला मुलं कळतात, असं गाव म्हणायचं. बोडिललाही ते पटलेलं होतं. स्वतःबद्दलची एखादी गोष्ट चौतीस वर्षं रोज ऐकायला मिळाली, की ती खरी आहे का हे तपासायची माणसाची सवयच मोडते.

नोव्हेंबरच्या त्या गुरुवारी तिच्या घरात एकही मूल नव्हतं. तिनं स्वतःच रजा टाकली होती. अंगणातल्या शेडमध्ये चार बाबागाड्या ओळीनं उभ्या होत्या, चारही रिकाम्या. स्वयंपाकघराच्या टेबलावर एक कापडी पिशवी भरून ठेवलेली होती. पिशवीत टिल्डेचे रबरी बूट, पावसाळी डगला, लोकरीचे मोजे आणि एक कान चावून चावून चिंधी झालेला कापडी ससा. टिल्डेचा बाप त्रोल्स हे सामान न्यायला येणार होता.

"तू बंदरावर चक्कर मारून ये," एगॉन म्हणाला. एगॉन तिचा नवरा. चाळीस वर्षं मासेमारीच्या बोटीवर काढलेली, आता दोन्ही गुडघे कामातून गेलेले. "मी देतो पिशवी. दारातल्या दारात. दोन मिनिटांचं काम."

"आणि त्यानं काही विचारलं तर?"

"काय विचारणार? कायद्यानं तुला कळवावंच लागतं. तू कळवलंस. विषय संपला."

"संपला असता तर मला बंदरावर कशाला पिटाळतोयस?"

एगॉन कॉफीच्या कपात बघत बसला. बोलणं अंगाशी आलं की तो कपात बघतो. जन्मभर तेच करत आलाय.

झालं होतं ते असं.

डेन्मार्कमधल्या जटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या या गावात बोडिल नगरपालिकेची 'दिवसाची आई' होती. कामावर जाणाऱ्या आईबापांनी सकाळी सातला आपली रांगती-चालती पोरं तिच्या स्वयंपाकघरात सोडायची आणि दुपारी चारला न्यायची. एका वेळी चार. अकराला राईचा पाव आणि लिव्हरची पेस्ट, बाराला पोरं बाहेर गाडीत झोपणार, मग वारा किती का सुटलेला असेना. पोरं यायची, मोठी व्हायची, मासळीच्या कारखान्यात लागायची आणि स्वतःची पोरं घेऊन परत तिच्याच दारात उभी राहायची. त्रोल्सही तसाच. तो दोन वर्षांचा असताना तिच्याकडे होता, आता एकोणतिसाव्या वर्षी त्याची टिल्डे तिच्याकडे होती. टिल्डे अडीच वर्षांची. तिची आई वर्षापूर्वी कोपनहेगनला निघून गेली, तेव्हापासून बाप-लेक दोघंच.

ऑगस्टच्या मध्यापासून टिल्डे बदलली. आधी तोंड पांढरं पडलं. मग ती खेळायची थांबली. बाकीची तिघं वाळूत लोळायची आणि ही पायरीवर बसून बघायची. सप्टेंबरात डावा पाय ओढायला लागली. तीनदा ताप आला, तीनदा गेला. बोडिलनं विचारलं तेव्हा त्रोल्स म्हणाला, "वाढीचं दुखणं असेल. डॉक्टरनी व्हायरस म्हणून सांगितलं." महिना संपता संपता निळे डाग दिसायला लागले. नडगीवर असते तर सोडून दिलं असतं. नडगीवर डाग नसलेलं मूल या गावात जन्माला यायचंय. पण हे पाठीवर होते, पोटावर होते. काखेखाली तर चार बोटांच्या टोकांसारखे चार.

हे सगळं बोडिल एका वहीत लिहीत होती. तारीख घालून. आणि प्रत्येक तारखेपुढे आपलं शहाणपण जोडून.

आता ही वही तिनं त्रोल्सपुढे ठेवून "हिला इस्पितळात ने, रक्त तपासून घे" असं म्हटलं असतं, तर ही गोष्ट लिहायचं कारणच पडलं नसतं. पण आपल्याकडे एक छापील फॉर्म आहे. मुलाला मारहाण होतेय अशी शंका आली की तो भरायचा. संशय आलेल्या माणसाशी आधी बोलायचं नाही, नाहीतर तो पुरावा दडवेल, असं प्रशिक्षणात शिकवतात. शिकवतात ते बरोबरच आहे. खरोखर मार खाणाऱ्या पोरांसाठी ते बरोबरच आहे. बोडिलनं तेवढं एक वाक्य मनोभावे पाळलं, आणि डोकं दाराबाहेर काढून ठेवलं. फॉर्मच्या तिसऱ्या पानावर मुलाच्या शरीराची रेघारेघांची आकृती असते, पुढून आणि मागून. तिच्यावर तिनं निळ्या पेनानं खुणा केल्या. वहीतल्या नोंदी जशाच्या तशा उतरवल्या, आणि सप्टेंबर संपता संपता एका गुरुवारी फॉर्म गेला.

शुक्रवारी दुपारी नगरपालिकेच्या दोन बायका आल्या. टिल्डे बाहेर गाडीत झोपली होती. बोडिलनं तिला काखेत हात घालून उचललं आणि त्यांच्या हाती दिलं. पोर किंचाळली. दुखलं म्हणून किंचाळली. बोडिलला वाटलं, मोठ्या माणसांची भीती बसलीय बिचारीला. त्रोल्स कारखान्यात गळाभर रबरी एप्रन घालून मासे कापत होता, तिथं त्याला फोनवर कळवण्यात आलं की चौकशी होईपर्यंत मुलगी दुसऱ्या कुटुंबात राहील, आणि कुठे ते सांगता येणार नाही.

तीन रात्री ती अनोळखी घरात राहिली. सोमवारी सकाळी तिच्या नाकातून रक्त यायला लागलं ते थांबेचना. त्या घरच्या बाईनं गाडीत घालून थेट इस्पितळ गाठलं. तासाभरात रक्ताचा रिपोर्ट आला. मारहाण नव्हती. ल्युकेमिया होता, रक्ताचा कर्करोग, लहान मुलांना होतो तो.

गावानं काय केलं म्हणता? गावानं बोडिलची पाठ थोपटली. सहकारी दुकानात पाव घेताना बायका तिच्या दंडावर हात ठेवायच्या. "तुझ्यामुळेच तर ती दवाखान्यात पोचली गं." "हेतू चांगला होता ना, मग झालं." आणि लगेच गाडी दुसऱ्या रुळावर. शेतावरच्या फवारणीमुळे झालं असेल. नव्या मोबाइलच्या मनोऱ्यामुळे असेल. कुणी म्हणालं, त्रोल्स सिगारेटी ओढतो ना. कुणी म्हणालं, आईविना पोर, खंगतंच. कारण शोधायची एवढी घाई, की आपण त्या बापाबद्दल तीन दिवस काय काय बोललो ते आठवायला कुणाला फुरसत नाही. बोडिल पाव घेऊन मान खाली घालून घरी यायची. शिव्या दिल्या असत्या तर ती ताठ उभी राहिली असती. कौतुकानं तिला जमिनीत गाडलं.

दारावर टकटक झाली. एगॉन उठायच्या आत बोडिल उठली.

त्रोल्स वाळला होता. दाढी वाढलेली, अंगाला इस्पितळाच्या साबणाचा वास. त्यानं बूट काढले, लहानपणी तिनंच शिकवलेलं होतं, आणि आत येऊन त्याच जुन्या खुर्चीवर बसला. पिशवीकडे बघितलंही नाही. डगल्याच्या खिशातून घडी घातलेले कागद काढून टेबलावर उलगडले.

"आईबापाला फाइल बघायचा हक्क असतो," तो म्हणाला. "मागितली, दिली त्यांनी. अक्षर छान आहे तुझं. वाच."

"त्रोल्स, मला आधी तुझी माफी..."

"माफी नंतर. आधी वाच. मोठ्यानं."

बोडिलनं चष्मा लावला. कागद टेबलावरच ठेवला.

"एकोणीस ऑगस्ट. चेहरा पांढराफटक. घरी..." ती अडखळली. "घरी नीट खायला मिळत नसावं."

"रक्त कमी होतं," त्रोल्स म्हणाला. "हाडांच्या आत रक्त तयार होतं, माहितीये ना तुला? तिथं एक बिघडलेली पेशी बसली आणि आपल्यासारख्याच लाखो काढत सुटली. चांगल्या रक्ताला जागाच उरली नाही. पुढे."

"दोन सप्टेंबर. खेळत नाही, बसून राहते. रात्री झोप होऊ देत नसावेत."

"तेच. रक्त नाही तर ताकद कुठून येणार? पुढे."

"नऊ सप्टेंबर. डावा पाय ओढते. पायाला दुखापत. वडील म्हणतात वाढीचं दुखणं. उत्तर देताना नजर चुकवतात."

"बारा तासांची पाळी करून आलो होतो. नजर उघडी होती हेच नशीब." तो हसला नाही. "हाड आतून गच्च भरलं की दुखतं. डॉक्टर म्हणाली, कित्येक मुलं आधी लंगडत येतात आणि सगळ्यांना वाटतं, पडलं असेल कुठेतरी. पुढे वाच."

"सोळा सप्टेंबर. महिन्यात तिसऱ्यांदा ताप. मानेला गाठी. आजारी मुलीला पाठवतात. निष्काळजीपणा."

"ताप गेल्यावर पाठवली. तापाशी लढायला तिच्याकडे शिपाईच नव्हते. पांढऱ्या पेशी ढीगभर, पण सगळ्या कच्च्या, कुचकामी. गाठी तुला दिसल्या आणि मला दिसल्या नाहीत. मी रोज तिला आंघोळ घालत होतो, यातलं मी काय बघितलं? ते माझं मी भोगीन. पुढे."

"पुरे आता," एगॉन कोपऱ्यातून म्हणाला. "तिचंही वय झालंय."

"एगॉन, तू कपात बघ," बोडिल म्हणाली.

तिनं शेवटच्या नोंदीवर बोट ठेवलं.

"तेवीस सप्टेंबर. पाठीवर, पोटावर निळे डाग. घोट्यापाशी मोज्याच्या वर बारीक लाल ठिपके, टाचणी टोचल्यासारखे. दोन्ही काखांखाली मोठ्या माणसाच्या बोटांचे ठसे. मुलीला जोरात धरून हलवलं असावं."

"प्लेटलेट्स किती होत्या माहितीये? नऊ हजार. दीड लाख पाहिजेत. डॉक्टर म्हणाली, एवढ्या कमी असताना मुलाला नुसतं उचललं तरी डाग पडतो." त्यानं तिसरं पान वर काढलं आणि आकृतीवरचे ते निळे ठिपके तिच्यासमोर धरले. "मी तिला सकाळी सायकलवरच्या खुर्चीत बसवायचो, संध्याकाळी उतरवायचो. दोनदा. तू दिवसाला किती वेळा उचलायचीस गं? खुर्चीत, टेबलावर, गाडीत, गाडीबाहेर?"

बोडिलचा उजवा हात टेबलावर होता. तिनं बोटांकडे बघितलं. चार बोटं. तिनं काढलेले ठिपके तेवढ्याच अंतरावर होते. पेनानं खूण करताना तिनं डोळे मिटून अंदाज घेतला होता, ठसे कसे होते म्हणून, आणि तो अंदाज तिच्याच हाताचा होता.

"माझी बोटं," ती म्हणाली.

"तुझी, माझी, कुणाची ते कळायला मार्ग नाही. पण नाव माझं लागलं."

बाहेर बाबागाड्यांवरची प्लास्टिकची आवरणं वाऱ्यानं फडफडत होती.

"कशामुळे झालं?" बोडिलनं विचारलं. विचारल्यावर तिची तिलाच लाज वाटली. दुकानातल्या बायकांसारखाच तिचाही जीव कारणाकडे पळत होता.

"मीही हेच विचारलं. पहिल्या दिवशी. सिगारेट? कारखान्यातली रसायनं? मी एकदा तिच्यावर ओरडलो होतो, त्यामुळे? खरंच विचारलं असं, मूर्खासारखं. डॉक्टर म्हणाली, नाही. एक पेशी दुसरी पेशी घडवताना चुकते. पहिली चूक पुष्कळदा पोटात असतानाच झालेली असते, मग कधीतरी दुसरी होते आणि सुरू होतं. का होते, ते बहुतेक मुलांच्या बाबतीत कुणालाच सांगता येत नाही. एकाकडून दुसऱ्याला लागत नाही, सहसा बापाकडून येत नाही, कुणाच्या हलगर्जीनं होत नाही. कुणाचाही दोष नाही, म्हणाली." त्यानं कागदावर टिचकी मारली. "रोगाचा. रोगाचा दोष कुणाचाच नाही, असं म्हणाली ती."

"वाचेल ना रे ती?"

"दहातली नऊ वाचतात म्हणे. अडीच वर्षं औषधं. केस गेलेत. स्टेरॉइडनं तोंड सुजलंय, पहाटे पाचला उठून बटाटे मागते. पण सगळ्यात वाईट काय माहितीये? मी संडासला गेलो तरी किंचाळते. तिला वाटतं, परत कुणीतरी उचलून नेणार. ते औषधामुळे नाही."

बोडिलनं तोंडावर हात घेतला. तिला रडायचं नव्हतं. रडलं की समोरच्याला आपली समजूत काढावी लागते, आणि तेवढा हक्क आपल्याला उरलेला नाही, हे तिला कळत होतं.

"अजून एक ओळ राहिली," त्रोल्स म्हणाला. "अगदी तळाशी. 'इतर माहिती.'"

तिला ती ओळ आठवतच नव्हती. चष्मा सावरून तिनं वाचली. "वडील स्वतः अशाच घरात वाढलेले आहेत."

"हे तुला कुठून कळलं?"

बोडिल चष्मा काढून पुसायला लागली.

"विचारतोय मी, बोडिल. माझा बाप मला मारायचा, हे कुठे लिहिलेलं नाही. डॉक्टरकडे नाही, शाळेत नाही, नगरपालिकेत नाही. मी शोधलं. सगळी कपाटं कोरी. गावात विचारलंस तर माझा बाप आक्सेल म्हणजे काय माणूस! बोटीचा मालक, वादळात चार जणांना वाचवणारा, बंदरावर त्याच्या नावाचा बाक. मग तुला कसं कळलं?"

बोडिलला सगळं दिसत होतं. सत्त्याण्णव सालचा मार्च. हेच स्वयंपाकघर. दोन वर्षांचा त्रोल्स, ओले कपडे बदलताना उघडी पडलेली पाठ. पट्ट्याचे वळ. बकलाचा ठसा इतका स्वच्छ, की बकल कुठलं तेसुद्धा ओळखू यावं. तिनं कोरडा सदरा त्याच्या अंगात घातला होता, कोमट दूध दिलं होतं आणि त्याला बाहेर गाडीत झोपवलं होतं. संध्याकाळी एगॉनला सांगितलं. एगॉन त्या वेळी आक्सेलच्या बोटीवर होता, आणि बोटीवर जागा मिळवायला दहा जण टपलेले होते. "आपल्याला काय करायचंय," एगॉन म्हणाला होता. तिनंही मूग गिळले. एकदा नव्हे. दीड वर्ष.

"मी बघितलं होतं," बोडिल म्हणाली.

"किती वेळा?"

"पुष्कळदा."

"खरे वळ होते तेव्हा तू दूध पाजलंस. खोटे होते तेव्हा फॉर्म भरलास." तो ओरडत नव्हता. ओरडला असता तर बरं झालं असतं. "आक्सेलला घाबरलीस. मला कशाला घाबरशील? मी कोण? कारखान्यातला मासे कापणारा."

"जुनं उकरून काय मिळणार आहे आता?" एगॉन म्हणाला. त्याचा कप रिकामा होता.

"मला कागद मिळणार आहे," त्रोल्स म्हणाला. "मी मारतो असं म्हणणारा कागद माझ्या फाइलीत आहे. चूक होती असा शेरा मारलाय त्यांनी, पण कागद काढून टाकत नाहीत, नियम नाही म्हणे. ठीक आहे, राहू दे. त्याच्या शेजारी मला दुसरा कागद पाहिजे. मी मार खाल्ला असं म्हणणारा. हिच्या अक्षरात, हिच्या सहीनं. हिला छान लिहिता येतं."

"आक्सेल जिवंत आहे, बोडिल," एगॉन म्हणाला. "वृद्धाश्रमात दर मंगळवारी मी त्याच्याशी पत्ते खेळतो. गावात तोंड कुठे दाखवायचं आपण?"

बोडिल उठली. फ्रीजशेजारच्या खणात कोऱ्या फॉर्मचा गठ्ठा होता. त्यातला एक तिनं काढला. पेन तेच, निळं.

"तुझं तोंड तू बघ," ती एगॉनला म्हणाली. "माझं मी महिनाभर लपवतेय. कंटाळले."

तिनं लिहायला सुरुवात केली. मुलाचं नाव: त्रोल्स. वय: दोन वर्षं. प्रथम केव्हा लक्षात आलं: मार्च १९९७. एवढी वर्षं ती मनाशी म्हणत आली होती, की मला आता नीट आठवत नाही. पण तिसऱ्या पानावरच्या आकृतीपाशी पेन एकदाही थांबलं नाही. पाठीवर आडवे तीन. कमरेवर बकल. डाव्या मांडीवर लांबट एक. तिला सगळं पाठ होतं. हातालाच पाठ होतं.

"त्यानंतर आपण काय पावलं उचललीत?" या रकान्यापाशी मात्र ती थांबली. रकाना मोठा होता, चार ओळींचा. चार ओळी भरतील एवढी कारणं तिच्याकडे होती. एगॉनची नोकरी, तेव्हाचे दिवस, तेव्हा कुणीच बोलत नव्हतं. तिनं लिहिलं, "काही नाही." उरलेली जागा कोरी ठेवली आणि खाली सही केली.

मघाशी एगॉन बाहेर निघून गेला होता. शेडमध्ये बाबागाड्या उगाचच इकडच्या तिकडे सरकवल्याचा आवाज येत होता.

त्रोल्सनं पिशवीतून ससा काढून बघितला. "धुतलायस?"

"नाही. म्हटलं तिला तोच वास हवा असेल."

"हवाच आहे. पण धुवावा लागेल, साठ डिग्रीवर. तिला साधा सर्दीचा जंतूही झेपणार नाही." त्यानं ससा परत ठेवला आणि तिनं भरलेला फॉर्म हातात घेतला. बराच वेळ त्या आकृतीकडे बघत राहिला. आपल्याच पाठीकडे माणूस कधी बघू शकत नाही.

"एक राहिलंय," तो म्हणाला. "उजव्या कानामागे."

"ते मला माहीत नव्हतं."

"म्हणून सांगतोय."

बोडिलनं कागद परत आपल्याकडे ओढला, आणि तो बोट दाखवत होता तिथं निळी खूण केली.